उलटा लावलेला पंखा

माझा कॉम्प्युटर ताईनं जोडला होता. दहा वर्षं ती एका दुकानात हेच काम करत आली होती. माझं शिक्षण संपलं तेव्हा एकेक भाग जमवून तिनं तो माझ्यासाठी उभा केला. घर बांधण्याआधी ते आतून कसं दिसेल याची चित्रं करणं हे माझं काम. एकेका चित्रासाठी मशीन तासन्‌तास राबतं आणि तापतं. म्हणून ताईनं मोठं कॅबिनेट निवडलं, वायरी सगळ्या मागच्या बाजूला बांधून टाकल्या आणि मला समजावलं, "पुढचे दोन पंखे गार हवा आत ओढतात, मागचा गरम हवा बाहेर फेकतो. वाटेत काही आडवं आलं नाही पाहिजे. बाकी तू हात लावू नकोस, मी आहे ना."

मी खरंच कधी हात लावला नाही. दोन-तीन महिन्यांनी तीच ते उघडायची आणि ब्रशनं धूळ काढायची.

मग दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं मला परीक्षेचं काम दिलं. एका वाचनालयाची आठ चित्रं, दहा दिवसांत. आवडली तर नोकरी. आईला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. ताईनं मात्र मला घट्ट मिठी मारली. "थांब, आधी तुझं मशीन साफ करून देते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिलंच चित्र निम्म्यावर असताना मशीन फट्‌दिशी बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तापमान शहाण्णववर. ताईनं कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला. "थकलं गं बिचारं. प्रोसेसरच गेला बहुतेक."

मी खिडक्या उघडल्या, टेबलफॅन लावला, चित्रं लहान केली, दर अर्ध्या तासानं मशीनला विश्रांती दिली. ताई शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवायची. दहाव्या दिवशी माझ्याकडे तीनच चित्रं होती. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं तेव्हा मी ताईच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले.

आठवड्यानं नेहमीच्या गिऱ्हाइकाचं काम अडलं. ताई दुकानात होती, म्हणून मी मशीन उचलून पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं बाजूचं झाकण काढलं.

"कुणी जोडलंय हो? काय सुंदर हात आहे!"

"माझ्या बहिणीनं," मी कौतुकानं म्हटलं.

त्यानं मशीन चालू केलं आणि मागच्या पंख्याजवळ कागदाची पट्टी धरली. ती बाहेर उडायच्या ऐवजी जाळीला चिकटली. "हा उलटा लावलाय. गरम हवा बाहेर जातच नाही, फिरून आतच." मग त्यानं पुढची जाळी काढली. तिच्यामागे पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा बसवलेला होता. "आणि इकडून गार हवा आत यायची सोय नाही."

"चुकून झालं असेल."

"पंखा चुकून उलटा लागतो, मॅडम. पण हे मोजून कापलंय. कोपरे बघा, गोल केलेत."

अर्ध्या तासात तापमान पासष्टवर आलं. तो आकडा बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्याकडून तो प्लॅस्टिकचा तुकडा मागून घेतला.

संध्याकाळी ताई घरात आली तेव्हा मी तो तुकडा टेबलावर ठेवलेला होता. ती खांद्यावरची पर्स न काढताच खुर्चीत बसली.

"तू केलंस?"

"हो."

"का?"

"तू गेलीस की आईचं सगळं माझ्यावर. दुखणी, डॉक्टर, सगळं. मग मी या घरातून कधी निघणार?"

"मग तसं बोलायचं होतंस!"

"बोलले असते तर थांबली असतीस?"

खरं सांगायचं तर नसते थांबले. पण मला ते बोलायचंच नव्हतं. "दहा दिवस माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस तू!"

आतल्या खोलीतून आई आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. "तिला एकटीला बोलू नकोस. मला माहीत होतं. मला वाटलं, चार दिवस रडशील आणि विसरशील."

मी माझ्या खोलीत गेले. मशीन चालू केलं आणि तीन दिवसांत वाचनालयाची आठही चित्रं पुरी करून कंपनीला पाठवली. चित्रं आवडली, पण जागा भरली होती. तीच चित्रं मी आणखी नऊ ठिकाणी पाठवली. चौथ्या महिन्यात एका छोट्या कंपनीनं बोलावलं.

निघायच्या दिवशी ताई मशीनसाठी खोका आणि थर्माकोल घेऊन आली. "राहू दे, माझं मी बांधते," मी म्हटलं. ती खोका ठेवून गेली.

आता आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. त्या आठ दिवसांसाठी मी रजा टाकली आहे. ताईला तारीख कळवली, तिनं "ठीक" असं उत्तर पाठवलं. त्यापलीकडे आम्ही बोलत नाही.