पडद्याबाहेरची सिस्टर

पायाची दोनच बोटं काढायची म्हणून पोस्टमनला ऑपरेशनला नेलं होतं. शुद्धीवर आल्यावर मुलगा म्हणाला, "सगळं छान झालं, बाबा." डॉक्टरही तेच म्हणाले. पण चादर गुडघ्याखाली सपाट होती.

मुलगा औषधं आणायला गेला, तेव्हा पोस्टमनने सिस्टरला विचारलं, "पाय राहिला का हो?"

"नाही, काका. जखम वरपर्यंत सडली होती, गुडघ्याखालचा काढावा लागला." तिने त्याचा हात धरला. "रडायचं असेल तर पडदा ओढते."

मुलगा परतला, तेव्हा ती पडद्याबाहेर उभी होती. "ड्रेसिंग चालू आहे, थांबा."

आत पोस्टमन तोंडावर उशी दाबून रडत होता. नोकरी आता गेलीच होती. पण निदान कुणीतरी त्याला खरं सांगितलं होतं.