शकुबाईंचं भाडं

शकुबाई पहिल्यांदा दारात आल्या त्या भाड्याची बोलणी करतच. काखेत गाठोडं, डोक्यावर ज्वारीची पिशवी आणि डोळे रडून सुजलेले. त्यांच्या मालकांना, गेणबांना, अर्धांगाचा झटका आला होता. सुप्याहून आणून त्यांना बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि पलीकडच्या गल्लीत इंदिराबाईंच्या घरी पेशंटच्या माणसांना राहू देतात, असं तिथं कुणीतरी शकुबाईंना सांगितलं होतं.

"फुकाट ऱ्हायाची सवं न्हाय आमाला," त्या पायरीवरूनच म्हणाल्या. "हे भाडं. आमच्या रानातली मालदांडी जुंधळा हाय. घेनार आसाल तर आत येते, न्हायतर दवाखान्याची शेड हायेच."

इंदिराबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी हातात घेतली. "या," एवढंच म्हणाल्या.

या घरात भाडं असं कधी नव्हतंच. वसंतरावांची, म्हणजे इंदिराबाईंच्या यजमानांची आई आजारी होती, तेव्हा तरुण वसंतरावांनी पुण्याच्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर थंडीचे दिवस काढले होते. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मास्तरकीतून मोकळे झाल्यावर त्यांनी घराचा पुढचा भाग धर्मादाय न्यासाच्या नावे केला आणि वर्षभरात स्वतःही गेले. मागच्या दोन खोल्यांत इंदिराबाई आणि त्यांचे देव राहत होते.

पण गावाकडचं माणूस रिकाम्या हातानं पायरी चढत नाही. कुणी काकवी आणायचं, कुणी शेवग्याच्या शेंगा. आणि जो तो त्याला भाडंच म्हणायचा. कळंबच्या बनाबाई सुनेच्या बाळंतपणाला आल्या, तेव्हा पदराआडून दोडके काढत म्हणाल्या होत्या, "घ्या बाई, आवंदाचं भाडं जरा कवळंच हाय!" सोप्यात बसलेले सगळे हसले होते. इंदिराबाईही हसल्या होत्या. आलेल्या जिनसेतला पहिला घास त्या देवापुढे ठेवायच्या आणि मग चुलीकडे न्यायच्या. त्या एका शब्दाच्या आधारानं माणसं मान वर करून आत येत होती. मग तो शब्द वाईट कसा म्हणायचा?

शकुबाईंनी तर आल्या दिवसापासून काठवट ताब्यात घेतली. सकाळी गेणबांना बघून आल्या की सगळ्यांच्या भाकरी त्याच थापायच्या. "तुमची भाकर म्हंजे भाजल्याला पापड," असं इंदिराबाईंना तोंडावर म्हणायलाही त्यांनी कमी केलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरपट्टीचं निघालं. नव्या आकारणीत पालिकेनं सगळं घर राहतं धरलं होतं. धर्मादाय वापराच्या भागाला करमाफी होती, पण त्यासाठी अर्ज, मग पाहणी, मग सुनावणी. आणि मुख्य अट अशी, की तिथं राहणाऱ्यांकडून भाडं घेतलेलं नसावं.

मुलगा राजवर्धन न्यासाचा विश्वस्त होता. तो पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, माफी मिळाली तर तू असेपर्यंत चालू दे, मी एक शब्द बोलणार नाही. पण नाही मिळाली तर जूनपासून खोल्या कॉलेजच्या मुलांना देऊ. बाबांचं पुण्य मी माझ्या पगारातून किती वर्षं ओढू, तूच सांग."

तो वाईट नव्हता. म्हणूनच त्याला उलट काही बोलता येत नव्हतं.

पाहणीला नेमका गुरुवार निघाला. गुरुवारी इंदिराबाईंचा उपास आणि पोथी. अध्याय पुरा झाल्याशिवाय आसन सोडायचं नाही, हा त्यांचा नेम लग्नाआधीपासूनचा. बाहेर गाडी थांबल्याचं त्यांना ऐकू आलं. ओट्यावर शकुबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

"आजी, मी पालिकेतून आले. स्वराली. काकू आहेत का?"

"देवाजवळ हायेत. बसा की ताई."

"तुम्ही इथंच राहता? किती दिवस झाले?"

"मालक दवाखान्यात हायेत तवापासून."

"मग राहायचं काही द्यावं लागतं का इथं? की फुकट?"

सूप थांबलं. इंदिराबाईंचं बोट ओवीवर थांबलं.

"फुकाट?" शकुबाईंचा आवाज चढला. "आमी काय भिकेला लागलोय व्हय? भाडं देतो की! आल्या दिवशीच दिलंय."

"भाडं देता?"

"व्हय, भाडं. ल्हिवा तसं. आन् सही करते खाली, आंगठा न्हाय. सही येती मला."

इंदिराबाईंना वाटलं, उठावं. उठावं आणि सांगावं, अहो ताई, तसं नव्हे ते. पण अर्धा अध्याय उरला होता. इतक्या वर्षांत मध्येच आसन सोडलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, देवाला म्हणाल्या, तूच बघ बाबा, आणि पुढची ओवी घेतली. देवानं काय बघितलं कुणास ठाऊक. त्या बाहेर आल्या तेव्हा कागदाखाली शकुबाईंची सही झाली होती, एकेक अक्षर मोठं, दाबून काढलेलं.

स्वराली भली पोर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "काकू, मला कळतंय हो. पण त्यांनी स्वतः सांगितलं आणि मी लिहिलं. आता मी ते खोडू कशी? सोमवारी सुनावणी आहे. आजींना घेऊन या. साहेबांपुढे एवढंच म्हणू द्या, की मोफत राहते."

संध्याकाळी इंदिराबाई चुलीपाशी गेल्या. शकुबाई पीठ मळत होत्या.

"शकुबाई, सोमवारी एक शब्द बदलून सांगायचाय."

"कंचा?"

"भाडं. भाडं देत नाही, फुकट राहते, असं."

"का? दिलं न्हाय का मी?"

"दिलंत हो. पण त्याला भाडं म्हणू नका. भेट म्हणा."

"भेट मनात आलं तर देत्यात बाई, न्हायतर न्हाय. भाडं द्यावंच लागतंय. ते दिलं की मानूस कुनाच्या उपकारात ऱ्हात न्हाय." त्यांनी गोळा काठवटीत आपटला. "माझ्या सासऱ्यानं दुष्काळात खडी फोडली, पर आयतं खाल्लं न्हाय. आन् मी कचेरीत हुबी राहून सांगू, फुकाट ऱ्हाती म्हनून?"

इंदिराबाईंनी सगळं समजावलं. माफी, अट, राजवर्धन, जून महिना. शकुबाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, पण ती हो म्हणणारी मान नव्हती. तेव्हा इंदिराबाई हळूच म्हणाल्या, "आणि गेणबांना अजून बरेच दिवस ठेवणार आहेत. घर बंद झालं तर तुम्ही तरी कुठं जाल?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. आयुष्यात कधी चढवला नव्हता. पण बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, की हे समजावणं नव्हतं.

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली. शकुबाईंनी ती उलटली नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते बी हायेच."

सोमवारी शकुबाईंनी गाठोड्यातलं ठेवणीतलं लुगडं काढलं. साहेबांच्या टेबलापुढे त्या दोन्ही हात पोटाशी धरून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"आजी, तुम्ही आधी सांगितलं होतं, भाडं देते म्हणून."

"चुकून बोलले."

"मग ज्वारी दिली होती, ती कशाबद्दल?"

"कशाबद्दल न्हाय."

"म्हणजे तुम्ही तिथं मोफत राहता?"

"व्हय. फुकाट ऱ्हाते."

एवढं पुरे होतं. साहेबांनी पेन उचललंही होतं. पण शकुबाई थांबल्या नाहीत. "धर्माचं खातो साहेब आमी. धर्माच्या घरात पडून ऱ्हातो. ल्हिवा."

कुणी विचारलं नव्हतं ते. इंदिराबाई फरशीकडे बघत राहिल्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या स्वरालीनंही मान खाली घातली.

माफी मंजूर झाली. तसं साहेबांनी तिथंच सांगितलं आणि इंदिराबाईंना हात जोडले, "मोठं काम करताय तुम्ही." रिक्षात इंदिराबाई काहीबाही बोलत राहिल्या, आज पुरण घालू म्हणाल्या. शकुबाई बाहेर बघत होत्या. दवाखान्याचं फाटक आलं तशा त्या उतरल्या.

"तुमी व्हा म्होरं."

त्या रात्री जेवायला आल्या नाहीत. सकाळी इंदिराबाई पूजेत असताना कधीतरी येऊन गाठोडं घेऊन गेल्या. काठवट घासून, पालथी घालून ठेवलेली होती.

इंदिराबाई नैवेद्य तसाच झाकून दवाखान्यात गेल्या. आवाराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. टोकाला, नळाच्या ओलीजवळ, शकुबाई पोतं अंथरून बसलेल्या दिसल्या.

"घरी चला, शकुबाई. माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं?" शकुबाईंनी वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "घर ऱ्हायलं न्हवं? झालं तर. त्या बनाबाईसारख्या येतील, आनिक कोन कोन येतील. ऱ्हाऊ द्या त्यास्नी."

"आणि तुम्ही?"

"मी कसं यावं बाई? म्या ते समद्यांम्होरं बोलून आले. आता त्या घरात घास घेतला, तर मला माझाच शब्द आठवनार. आन् न्हाय घेतला, तर तुमास्नी वाईट वाटनार." त्या किंचित हसल्या. "हितं कुनी इचारत न्हाय. हितं समदे पडल्यालेच हायेत."

"रात्री गारठा पडतो. ओल आहे इथं."

"आसंल."

इंदिराबाईंना अजून बोलायचं होतं. सांगायचं होतं, की मी उठायला हवं होतं. त्या गुरुवारी पोथी मिटून बाहेर यायला हवं होतं, देव काही रागावला नसता. पण तेवढ्यात वॉर्डातून मावशींनी हाक मारली, "गेणबांचं कोण आहे? डॉक्टर बोलावतायत!"

शकुबाई धडपडून उठल्या. गाठोडं उचलावं की ठेवावं, अशा क्षणभर घुटमळल्या. शेडमध्ये सुटलेली जागा कुणी रिकामी ठेवत नाही. शेजारचा माणूस आत्ताच आपली सतरंजी सरकवू लागला होता.

"जा तुम्ही," इंदिराबाई म्हणाल्या. "मी बसते."

शकुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गाठोडं पोत्यावर ठेवलं. पदर सावरत वॉर्डाकडे पळाल्या.

इंदिराबाईंनी चपला काढल्या आणि पोत्यावर बसल्या. पिशवीत फोन वाजत होता, राजवर्धनचा असणार, माफीचं ऐकून खूश झाला असणार. त्यांनी तो वाजू दिला. गाठोडं मांडीजवळ ओढून घेतलं आणि सतरंजीवाल्याला हलक्या आवाजात म्हणाल्या, "जागा आहे हो इथं. माणूस येतंय परत."