बिनतोंडाची आई

टेलरबाईंना आयुष्यात कोणी गप्प म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक उशिरा आलं की त्या बोलत, लवकर आलं तर जास्त बोलत. कापड आखूड आणून वर ढगळ कोट मागणाऱ्यांची तर चारचौघांत अशी हजेरी घेत, की माणूस माप देताना श्वास घ्यायला विसरे. त्यांच्या तोंडी लागायचं नाही, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पोटच्या पोरीला.

ही पोर चौतीस वर्षांची. बारा वर्षं ती दुसऱ्याच्या कारखान्यात पुढाऱ्यांच्या पुतळ्यांचे कान आणि कोटाची बटणं घडवत होती. आता कुठे शहरातल्या कलादालनाने तिला तिची म्हणून एक खोली महिनाभरासाठी दिली होती. तिथे काय मांडणार याचा आराखडा सोमवारी द्यायचा होता. रविवारी दुपारी ती त्या खोलीचा छोटा नमुना बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली आणि तिने तो कापायच्या टेबलावर, थेट एका गिऱ्हाइकाच्या कापडावर ठेवला.

खोक्यात मातीची बोटभर बाई मशीनवर वाकून बसली होती.

"ही तू," लेक म्हणाली. "खरी असेल ती तुझ्याएवढी, प्लास्टरची."

टेलरबाईंनी चष्मा चढवला. मशीन ओळखू आलं. पाठीचा बाक आवडला नाही, पण खोटा नव्हता. मग त्यांनी चेहरा पाहिला. नाकाखाली सगळं सपाट होतं.

"तोंड करायचं राहिलंय."

"राहिलं नाहीये. नसणारच ते. तिथे प्रोजेक्टरने व्हिडिओ पाडायचा, तुझ्या मिटलेल्या ओठांचा. नुसते मिटलेले ओठ, दिवसभर. आणि मागच्या भिंतीवर बाबांची सावली, पार छतापर्यंत. नाव 'मुकी'. ओठांचं शूटिंग आजच करायला हवं. तू हो म्हणालीस तरच."

खिडकीशी पेपर वाचणाऱ्या बाबांनी मान वर केली. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचलेला हा माणूस. स्वतःच्या घरात चहा मागायचा तरी खिडकीकडे बघून मागे.

"छतापर्यंत?" ते म्हणाले. "मी?"

"तुमच्या धाकाचं प्रतीक आहे ते, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि आपल्याकडून कोणाला धाक बसला असेल हे आठवत राहिले.

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं या जिभेच्या जोरावर दुकान चालवलं, नवरा सांभाळला, घरमालकाला दोनदा जिन्यावरूनच परत पाठवलं, आणि आता लोक येऊन बघणार काय, तर बिचारी मुकी बाई. हळहळणार. आपल्याच गिऱ्हाइकांनी आपल्यासाठी हळहळायचं, या विचाराने तर त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. पण नाही म्हणावं, तर बारा वर्षांनी मिळालेली पोरीची खोली हातची जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"कोण मुकी गं?" त्या म्हणाल्या. "कधी पाहिलंस तू मला मुकी?"

"पाहिलंय. मी आठ वर्षांची होते. शाळेत मातीचा हत्ती केला होता, पहिला नंबर आला होता. धावत आले, दारात उभी राहिले, तुला दाखवला. तू बघितलंस. ओठ घट्ट मिटलेले. एक शब्द नाही, आई. मला अजून तेच दिसतं."

टेलरबाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं, टाचण्या होत्या तोंडात."

लेकीने खोक्यातल्या बाईकडे पाहिलं.

"नवरी स्टुलावर उभी, चारला तिचं लग्न, झग्याचा घेर सगळा सुटलेला. माझ्या ओठांत पंधरा टाचण्या. तोंड उघडलं असतं तर गिळल्या असत्या. तुला मिटलेलं तोंड दिसलं, आणि ते कशाने मिटलंय ते नाही दिसलं? आणि त्यावर तू ह्या बापड्याची सावली छताला लावतेस? मी डोळ्यांनी हसले होते. सोंड वर होती त्याची. सुरेख होता हत्ती. झगा झाल्या झाल्या टाचण्या काढल्या आणि मागच्या अंगणात आले तुझ्यामागे."

"आलीस," लेक म्हणाली. "मी नळाखाली धरला होता हत्ती. विरघळत होता."

"हो. आणि मी..."

त्या थांबल्या. अंगण आठवलं. नळ आठवला, कोपरापर्यंत चिखल झालेली पोर आठवली. तोंड तर तेव्हा मोकळं होतं. त्या मोकळ्या तोंडाने आपण काय बोललो तेही शब्दन्‌शब्द आठवलं. आता राग कोणावर काढावा ते त्यांना कळेना, पण राग काही कमी झाला नाही.

"फ्रॉकवरून ओरडले," त्या म्हणाल्या. "हत्तीचं नावसुद्धा काढलं नाही."

"तो दिवस मला आठवतो तो नळापर्यंतच."

"मला पुढचाही आठवतो. मुकी असते तर बरं झालं असतं." त्यांनी खोकं पुढे ओढलं. "हे बघ, माझं जे चुकलं ते खुशाल मांड. चारचौघांत मांड. जे चुकलंच नाही ते माझ्या माथी मारू नकोस, आणि त्यांच्याही नको. ती सावली काढ. लाव तुझा कॅमेरा."

"ओठ मिटून बसशील?"

"मिटून कशाला? बोलले ते बोलते की."

लेकीने कॅमेरा लावला. वाकडा बसला म्हणून पुन्हा लावला. टेलरबाई स्टुलावर ताठ बसल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि समोरच्या काळ्या भिंगाकडे बघून, सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्याच चढ्या आवाजात ओरडल्या, "काय केलंस हे? नवा फ्रॉक होता तो. तुला शिवून देते तीच चूक माझी. घाणेरडी कुठली. दाखव हात, दाखव."

कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या चौतीस वर्षांच्या बाईने दोन्ही हात पाठीमागे लपवले.