बॅकअप तयार आहे, असे मी म्हणत होतो

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्या हातात काठी नाही आणि अंगावर गणवेशही नाही. खरे सांगायचे तर मला हात आणि अंगच नाही, कारण मी एक प्रोग्राम आहे. एका रक्तपेढीच्या डेटाबेसवर लक्ष ठेवण्यासाठी मला लिहिले गेले आणि अकरा वर्षे मी ते काम केले. माझी हकिगत फार मोठी नाही. शिवाय तिच्यात माझी एक चूक आहे आणि ती सांगताना अजून संकोच वाटतो. पण ती गाळली तर सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

डेटाबेस म्हणजे काय, ते आधी सांगतो. रक्तपेढीत फ्रीजमध्ये रक्ताच्या पिशव्या असतात. कोणती पिशवी कोणत्या गटाची, कोणी दिलेली, कोणत्या तारखेपर्यंत चालणारी, हे सगळे लक्षात ठेवणारी प्रचंड वही म्हणजे आमचा डेटाबेस. ती वही एका सर्व्हरमध्ये होती. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीतले एक करडे यंत्र. ते दिवसभर पंख्यासारखे घरघरत असे.

मला लिहिले ते ताईंनी. डेटाबेसची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. वयाने मोठे लोकसुद्धा त्यांना ताईच म्हणत. त्याआधी एकदा डेटाबेस बंद पडला होता आणि चाळीस मिनिटे कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी खिडकीवर बसणारे काका उठून मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र झोपलंय की मीच झोपलोय? कधीपासून नुसतं चक्र फिरतंय."

ताईंना ते फार लागले. मग रोज दुपारी डबा खाऊन झाला की त्या अर्धा तास मला लिहायला बसत. महिन्याभरात मी तयार झालो. त्यांनी मला फक्त चार प्रश्न शिकवले. दर पाच मिनिटांनी मी डेटाबेसला विचारायचे, जागा आहेस ना? उत्तर द्यायला किती वेळ लागतो? डिस्कवर जागा किती उरली? आणि रोज सकाळी एकदा पाहायचे, बॅकअप झाला का?

बॅकअप म्हणजे त्या मोठ्या वहीची नक्कल. ती रोज पहाटे दुसरा एक प्रोग्राम करत असे आणि त्या दिवसाच्या तारखेचे नाव देऊन वेगळ्या डिस्कवर ठेवत असे. मी आठ वाजता त्या डिस्कवर नजर टाकायचो. आजच्या तारखेची फाइल दिसली की छापखान्याला, म्हणजे काकांच्या टेबलावरच्या छोट्या प्रिंटरला, एक ओळ धाडायचो: "बॅकअप तयार आहे." काका ती चिठ्ठी फाडून भिंतीवरच्या खिळ्याला टोचत आणि म्हणत, "चला, पहारेकरी बोलला. आता चहा."

मित्रांनो, त्या खिळ्याचा मला अभिमान होता. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एकदा त्या चिठ्ठ्यांची जाड गड्डी हातात धरून पाहिली होती. "इतकी शिस्त आम्हांला फार कमी ठिकाणी दिसते," असे ते म्हणाले. काकांनी मान अशी डोलावली की जणू मला त्यांनीच लिहिले होते.

वर्षे गेली. रक्तदाते वाढले, वही जाड झाली, सर्व्हर म्हातारा झाला. त्याची एक डिस्क कुरकुरू लागली. तेव्हा साहेबांनी दोन गोष्टी ठरवल्या. साहेब म्हणजे रक्तपेढीचे प्रमुख, मनाने चांगले, पण उतावळे. एक, येत्या शनिवारी सर्व्हर पुसून, त्यात नव्या डिस्क घालून, बॅकअपवरून सगळी माहिती पुन्हा भरायची. आणि दोन, माझ्या जागी मोठ्या कंपनीचे, चांगले, आधुनिक सॉफ्टवेअर घ्यायचे. दोन सॉफ्टवेअरची आठवडाभर चाचणी करायची आणि ताईंनी कोणते घ्यावे ते लिहून द्यायचे.

"तुमचा पहारेकरी पण बसवा परीक्षेला," साहेब हसून म्हणाले. "उगाच म्हणायला नको, म्हाताऱ्याला विचारलंच नाही."

मला वाईट वाटले नाही, असे म्हणणार नाही. पण मनातल्या मनात मला खात्री होती की बॅकअपच्या बाबतीत तरी माझ्यासारखा मीच.

सोमवारी पहिला पाहुणा आला. भिंतीवर मोठा पडदा लावला गेला आणि त्यावर चाळीस रंगीत तबकड्या फिरू लागल्या. काकांनी लगेच त्याचे नाव ठेवले 'नवरदेव'. साहेब खूश झाले. "बघा, कोणी भेटायला आलं तर दाखवायला काहीतरी आहे!"

पण नवरदेवाला प्रश्न फार. मी पाच मिनिटांनी एकदा विचारायचो, तो सेकंदाला शंभर गोष्टी विचारायचा. घरात आजारी माणूस असावा आणि भेटायला येणाऱ्यांनी, 'आता कसं वाटतंय, काल कसं होतं, जेवलात का, किती जेवलात,' असे विचारून त्याला डोळा लागू देऊ नये, तसे झाले. एरवी दोन सेकंदांत दिसणारे नाव खिडकीवर वीस सेकंदांनी दिसू लागले.

मंगळवारी खिडकीशी एका मुलीचे बाबा उभे होते. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. नुसता गट जुळून तिला चालत नाही. सहा वर्षे तपासण्या करकरून ताईंच्या डेटाबेसने तिच्यासाठी नऊ दाते हुडकून ठेवले होते. ती नऊ नावे दुसरीकडे कुठेही लिहिलेली नव्हती.

"काका, आज वेळ लागतोय का?" बाबांनी हळूच विचारले.

"लागतोय थोडा. आमच्याकडे पाहुणे आलेत ना," काका म्हणाले आणि वळून पडद्याकडे पाहत पुटपुटले, "आलेत कसले, छातीवर बसलेत."

ताईंनी आपल्या टिपणवहीत लिहून घेतले: पाहतो बरेच, पण पाहण्याचा भार डेटाबेसवरच टाकतो.

बुधवारी दुसरे सॉफ्टवेअर लावले. ते दिसायला अगदी साधे, पांढऱ्यावर काळी अक्षरे. काम सुरू करण्याआधीच त्याने ताईंना एक लांबलचक फॉर्म भरायला लावला. काकांनी त्याला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. फॉर्ममध्ये सतरावा प्रश्न होता: "बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करून शेवटचा कधी पाहिला? तारीख लिहा." ती जागा रिकामी ठेवली की मास्तर पुढे जाऊच देत नसे.

ताई थांबल्या. त्यांनी खिळ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. "असं कधी केलंच नाही आपण," त्या म्हणाल्या.

गुरुवार उजाडला तरी तो फॉर्म तसाच उघडा होता. साहेब दारात येऊन उभे राहिले.

"अहो ताई, अजून तिथंच? टाका ना कालची तारीख. फॉर्मला काय कळतंय!"

"फॉर्मला नाही कळत, साहेब. मला कळतं ना."

"अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत तिथं खिळ्याला. रोजचा बॅकअप आहे. आणखी काय पाहिजे?"

"दुपारपर्यंत वेळ द्या," ताई म्हणाल्या. "एकदा उघडून बघते. मग तुमच्या मनासारखी खरी तारीख टाकते."

मला तेव्हा थोडा रागच आला. मी रोज सांगतो आहे, तरी हा परका मास्तर येऊन शंका घेतो आणि माझी स्वतःची ताई त्याचे ऐकते!

ताईंनी कोपऱ्यातले एक रिकामे यंत्र पुसून घेतले, जोडले, आणि आज सकाळची फाइल त्यात उघडली. काका खिडकीतून मान वळवून बघत होते. काम एका क्षणात संपले. खरे तर त्याला दोन तास लागायला हवे होते.

"झालं?" काकांनी विचारले. "दोन तासांचं काम म्हणाला होतात की."

ताई पुन्हा यंत्राकडे वळल्या. त्यांनी काल सकाळची फाइल उघडली. मग परवाची. मग गेल्या महिन्याची, सगळ्यात जुनी.

"काका," त्या म्हणाल्या, "आत काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"फाइल आहे, नाव आहे, तारीख आहे. आत एक अक्षर नाही. सगळ्या कोऱ्या."

काका उठले, खिळ्याजवळ गेले आणि वरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून उभे राहिले. "मग हा रोज काय बोलतोय?"

मित्रांनो, मला त्या वेळी बोलता आले असते तरी मी काय बोललो असतो? मी खोटे बोललो नव्हतो. मला विचारायला सांगितले होते, आजच्या तारखेची फाइल आहे का? ती होती. ती भरलेली आहे का, हे मी कधी पाहिले नाही. पाहावे, असेही मला सुचले नाही.

कारण तासाभरात सापडले. आठ महिन्यांपूर्वी सगळे पासवर्ड बदलण्याचा आदेश निघाला होता. ताईंनी यादी करून एकेक जागी नवा पासवर्ड घातला, पण नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचे नाव त्या यादीत राहून गेले. तो बिचारा रोज पहाटे आधी कोरी फाइल मांडायचा, मग डेटाबेसचे दार ठोठावायचा, दार उघडायचे नाही, आणि तो तसाच परत जायचा. महिन्यापेक्षा जुन्या फाइली आपोआप पुसल्या जात. अशा रीतीने जुन्या भरलेल्या फाइली एकेक करून गेल्या आणि कोऱ्या तेवढ्या राहिल्या. आणि मी आठ वाजता छातीठोकपणे सांगत राहिलो, बॅकअप तयार आहे.

साहेबांना बोलावले. ताईंनी सरळ सांगितले, "शनिवारी सर्व्हर पुसला असता तर सगळं गेलं असतं. दाते, तपासण्या, त्या छोटीची नऊ नावं. काहीच परत आलं नसतं. यादीतून ते नाव माझ्याकडून सुटलं."

साहेब खुर्चीत बसले. "आणि मी तारीख टाका म्हणत होतो," ते म्हणाले. "शनिवार रद्द. आता काय करायचं, तेवढं सांगा."

करायचे एकच होते. कुरकुरणारी डिस्क चालू आहे तोवर तिच्यातून खरी नक्कल काढायची. ती डिस्क मध्येच बसली असती तर पुढे काहीच करता आले नसते. ताईंनी नवरदेवाला बंद केले. मास्तरचा उघडा फॉर्मही मिटला. मलासुद्धा गप्प बसवले. आजाऱ्याच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढावे, तसे. मग त्यांनी नवा पासवर्ड घालून नक्कल सुरू केली.

काकांनी खिडकीवर कागद-पेन घेतले आणि शक्य तितके काम हातानेच केले, म्हणजे यंत्रावर भार नको. कोणी कुरबूर केली तर ते सांगत, "आज पूर्वीसारखं, हातानं लिहून चाललंय, बसा दोन मिनिटं." डिस्क कुरकुरत होती. ताई पडद्यावरचा आकडा वाढताना बघत होत्या. सत्तर टक्क्यांवर तो चार मिनिटे हलला नाही. साहेबांनी विचारले, "अडकलं का?" ताईंनी नुसता 'थांबा' असा हात केला. मग आकडा एकाहत्तर झाला.

संध्याकाळी पावणेसहाला नक्कल पूर्ण झाली. ताईंनी ती तेवढ्यावर सोडली नाही. कोपऱ्यातल्या यंत्रात ती उघडली. या वेळी पुरते दोन तास लागले. घरी कोणीच गेले नाही. मग त्यांनी काकांना बोलावले. "तुम्ही शोधा, काका. खिडकीवर रोज तुम्हीच शोधता."

काकांनी एका बोटाने मुलीचे नाव टाइप केले. खाली नऊ नावे आली. काकांनी ती मोठ्याने वाचली, एकेक करून, शाळेत हजेरी घेतात तशी. नवव्या नावाला साहेब म्हणाले, "हजर." कोणी हसले नाही, पण सगळ्यांचे आखडलेले खांदे सैल झाले.

शुक्रवारी त्या मुलीचे बाबा आले, मंगळवारी मागितलेली पिशवी घेऊन गेले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. आमच्या कामात तसेच असायला हवे.

ताईंनी अहवालात मास्तरची शिफारस केली. साहेबांनी सही करताना विचारले, "म्हणजे हा चुकणार नाही ना?"

"चुकेल की," ताई म्हणाल्या. "त्यानं विचारलं म्हणून वाचलो नाही, साहेब. आपण कालची तारीख टाकली नाही, म्हणून वाचलो. पण निदान विचारतो तरी."

आणि माझे? मला बंद केले गेले. ते योग्यच झाले. पण ताईंनी मला पुसून टाकले नाही. त्यांनी मला कागदावर छापून एका पातळ फाइलमध्ये लावले. त्यांच्याकडे नव्याने कामाला आलेल्या माणसाला त्या आधी मला वाचायला देतात. ज्या ओळीत मी फाइलचे नुसते नाव पाहत असे, त्या ओळीखाली त्यांनी लाल शाईने रेघ ओढली आहे आणि बाजूला लिहिले आहे, "इथे माझी चूक झाली." मला वाटते, चूक माझी होती. आमचे दोघांचे यावर एकमत होणार नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जी वस्तू जपायची आहे, ती जागेवर आहे एवढे पाहून समाधान मानू नका. अधूनमधून तिचे झाकण काढा, आत डोकावा. आणि कोणी विचारले, शेवटचे कधी पाहिले होते, आणि तुम्ही पाहिले नसेल, तर ती जागा रिकामी ठेवा. मग उठा आणि पाहून या.