वैद्यकाकूंचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं पितळी झाकण आहे. पातेलं नव्हे, नुसतं झाकण. पातेल्याची हकीगत ऐकायला सगळे बसतात, झाकणाला कोण विचारतो? पण थंडीच्या दिवसांत तुमच्या घरी गवती चहाचं आधण ठेवत असतील, तर माझं म्हणणं तुमच्या उपयोगी पडेल.

माझा जन्म कल्याणच्या बाजारात, एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने पितळेचा पत्रा गोल कापला, ठोकून ठोकून मध्ये खोलगट केला, कडा वळवली आणि कल्हई लावली. मला मूठ नाही. पालथं घातलं की मी झाकण आणि उताणं ठेवलं की ताटली. माझ्या जोडीला एक पातेलंही घडलं. आम्हा दोघांना कल्याणच्याच एका वैद्यबुवांनी विकत घेतलं. पातेलं त्याच दिवशी चुलीवर चढलं आणि मी फळीवर जाऊन बसलो.

त्याचं कारण वैद्यबुवांचा नियम. औषधावर झाकण ठेवायचं नाही, असं ते सांगत. काढा उघडाच उकळायचा, आठ वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत आटवायचा. ते बरोबरच होतं म्हणा. वाफ गेल्याशिवाय पाणी आटणार कसं? पण त्या बरोबर असण्यात माझी वर्षं फुकट गेली. कधी माझ्यात सुंठ निवडायची, कधी ज्येष्ठमधाच्या काड्या वाळत टाकायच्या, एवढाच माझा मान.

एकोणपन्नास साली वैद्यबुवा वारले आणि त्यांच्या पत्नी ठाण्याला मुलाकडे राहायला आल्या. त्यांना सगळे वैद्यकाकू म्हणत. मुलगा त्र्यंबक शाळेत मास्तर होता, सुनेचं नाव सुमती. काकूंनी नवऱ्याच्या औषधांच्या बाटल्या वाटून टाकल्या. पातेलं, मी आणि तो नियम मात्र बरोबर आणला.

घरासमोर बिट्रिस राहायची. तिच्या विहिरीच्या कडेला गवती चहाचं रान माजलं होतं आणि मागेल त्याला ती मूठभर पात कापून देई. तिच्याकडची पात घ्यायला काकूंची हरकत नसे. तिच्या घरचं पाणी मात्र चालत नसे, कारण ती किरिस्तांव. त्या काळी पुष्कळ घरांत असं होतं. ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात त्र्यंबकाचा आवाज बसला. खडूची धूळ, पहाटेचा गार वारा आणि चौथीची दांडगी मुलं, आणखी काय हवं? एरवी कुणी फिकीर केली नसती. पण येत्या गुरुवारी दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, त्याच्या वर्गात बसून पाठ ऐकणार होते. त्र्यंबक नोकरीत अजून कायम नव्हता. पाठ चांगला झाला तर कायम, नाहीतर जूनमध्ये दुसरी शाळा शोधायची. आवाज नसलेला मास्तर पाठ देणार कसा?

काकूंनी काढा केला. फरक पडला नाही. मग त्यांनी गवती चहा, आलं आणि गूळ घालून पातेलं चढवलं. पण हात काढ्याचा! तोही त्यांनी उघडाच ठेवून आठाचा एक केला. वास असा सुटला की रस्त्याने जाणारे वळून बघत. पातेल्यात उरलं ते काळपट, कडवट पाणी. त्र्यंबक ते निमूटपणे पिई आणि मानेनेच बरं आहे म्हणे.

सुमतीला चूक कळत होती. तिच्या माहेरी, शहाडला, गवती चहा झाकूनच मुरवत. तिने एकदा हळूच तसं सुचवलंही. त्यावर काकूंनी विचारलं, तुझ्या माहेरी कुणी वैद्य होतं का? मला फळीवर बसून हे सगळं दिसत होतं आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

सोमवारी बिट्रिस पात द्यायला दारात आली.

"अगो सुमती, सगला वास रस्त्यावर चाललाय. झाकण नाय का घरात?"

आतून काकू म्हणाल्या, "आमच्याकडे औषधावर झाकण ठेवत नाहीत."

"औषध कुठं, काकू? चाय हाय ती."

बिट्रिस गेल्यावर काकू पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. नवऱ्याचा शब्द मोडायचा नव्हता. पण तो शब्द औषधाबद्दल होता, चहाबद्दल ते कधी काही बोलले नव्हते. काकूंनी मला फळीवरून उतरवलं आणि पदराने पुसलं. मग नवं आधण ठेवलं, उकळी फुटल्यावर ठेचलेलं आलं आणि पात टाकली, पातेलं खाली उतरवलं आणि मला त्यावर पालथं घातलं. वाफ माझ्या पोटाला लागली, तिचे थेंब झाले आणि टपटप परत पातेल्यात पडले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा माझं काम केलं. मला फार आनंद झाला.

मंगळवारी त्र्यंबकाचा आवाज कुजबुजण्याइतका आला, बुधवारी आणखी थोडा. गुण माझा की गप्प बसण्याचा, ते मी सांगू शकत नाही. काकू मात्र खूश होत्या. त्यांनी बुधवारी मेथीचे लाडू केले, मला उताणं करून माझ्यात पाच लाडू ठेवले आणि सुमतीच्या हाती बिट्रिसकडे पाठवले.

गुरुवारी सकाळी घसा पुन्हा घोगरा झाला आणि घरात पात उरली नव्हती. सुमती आणायला निघणार तोच बिट्रिस आली. तिच्या हातात तिचं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं होतं आणि वर मी. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये हे तिलाही ठाऊक होतं. पण झाकण भरून कसं देणार? म्हणून तिने माझ्याखाली भरलेलं पातेलं ठेवलं. मास्तरांची परीक्षा आज आहे हे तिच्या लक्षात होतं.

भांडं तिचं, पाणी तिच्या विहिरीचं, चूलही तिचीच. त्या परक्या भांड्यावर माझी कड नीट बसत नव्हती आणि फटीतून वाफ येत होती. त्र्यंबक टोपी हातात घेऊन उभा होता. सुमतीने सासूकडे पाहिलं. बिट्रिसच्या तेव्हा ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला. हे परत नेते, पात आणून देते, असं ती पुटपुटली.

काकूंनी विचारलं, "काय काय घातलंयस त्यात?"

"आलं, पात, चार मिरी, गूल."

"मग हे औषधच झालं. औषधाला विटाळ नसतो." आणि त्यांनी मला बाजूला करून त्र्यंबकाचा पेला भरला.

सोमवारी ती चाय होती. सुमतीने मान खाली घालून हसू लपवलं.

त्र्यंबकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला आणि जूनमध्ये तो कायम झाला. पुढे पातेल्याचं बूड गेलं, ते मोडीत निघालं. आता मी पुन्हा फळीवर आहे. कल्हई उडाली, कडेला पोचा आला. घरात स्टीलची भांडी आली आहेत आणि त्यांची झाकणं कुठल्या कुठे पडलेली असतात. मित्रांनो, तेवढं करू नका. झाकण जपा, वेळच्या वेळी घासा. आणि मोठ्यांचा नियम मोडण्याआधी तो कशासाठी केला होता, हे एकदा नीट विचारून घ्या.

एक सांगायचं राहिलं. त्या गुरुवारी त्र्यंबक शाळेत गेल्यावर काकूंनी मला पुन्हा उचललं. पातेल्यात अजून वाटीभर चहा होता. तो त्यांनी आपल्या वाटीत ओतून घेतला आणि बिट्रिससमोर पाटावर बसून सगळा प्यायल्या.

काकूंना त्या दिवशी सर्दी नव्हती, की खोकलाही नव्हता.