सत्तर किलोमीटर हवेतून

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली दोन गावं, सानिराजाक ते इग्लूलिक सत्तर किलोमीटर, विमानानं वीस मिनिटं. पण विमान येईल तेव्हा ना! तीन दिवस उलीपिका सानिराजाकच्या विमानतळावर येरझाऱ्या घालत होती, आणि तिकडे इग्लूलिकला तिची आई शेवटच्या घटका मोजत होती.

तिचा नवरा इनूकी मंगळवारीच म्हणाला होता, "चल, बर्फावरून स्नोमोबाइलवर नेतो. आभाळ स्वच्छ आहे. चार तासांत पोचू."

"माझ्या गुडघ्यांची वाट लावायचीय का तुला? उद्या विमान आहे ना!"

बुधवारी वादळ आलं. मग काय, इनूकीला आयतंच सापडलं. "बस आता तुझ्या विमानाची वाट बघत," रोज चहाचा थर्मास आणून देताना तो म्हणायचा. चूक तिचीच होती.

शुक्रवारी दुपारी जरा उघडलं आणि विमान आलं. उलीपिका सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली. तिनं भावाला, साकियासीला, फोन करून ठेवला होता, "आलेच रे! आईला सांग, आलेच."

इग्लूलिकवर मात्र बर्फाचा भुगा जमिनीलगत नुसता सुसाट पळत होता. वरून सरळ खाली पाहिलं की सगळं दिसायचं. चर्च, दुकान, आईचं निळं घर, दारातली साकियासीची स्नोमोबाइल. विमान दोनदा खाली आलं आणि दोन्ही वेळा घोंघावत पुन्हा वर गेलं.

"अहो, ते काय घर! उतरवा की!" उलीपिका ओरडली.

"मावशी, बसा बघू," विमानातली मुलगी म्हणाली. "वरून घर दिसतंय, पण खाली उतरताना उडत्या बर्फात पायलटला समोरची धावपट्टी दिसत नाही. सानिराजाकही बंद झालंय. आता थेट इकालुइट."

इकालुइट! आठशे किलोमीटर उलट्या दिशेला. दोन तास तिनं स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. गुडघे म्हणे! जळले ते गुडघे.

इकालुइटला उतरताच तिनं फोन लावला.

"ताई, आईनं विमान ऐकलं," साकियासी म्हणाला. "डोळे उघडून म्हणाली, आली पोरगी. तेव्हापासून दाराकडेच बघतेय. काय सांगू गं तिला?"

"फोन तिच्या कानाशी धर. आई? आई गं?"

"दारातच काय उभी?" आवाज अगदी बारीक होता, पण दटावणी नेहमीचीच. "ये की आत."

खरं सांगायला उलीपिकाची जीभ रेटेना. "आले गं. बूट काढतेय." आणि भरल्या विमानतळावर, लोक बघत असताना, ती खाली बसून खरंच बूट काढायला लागली.

"दार लाव. वारा येतोय."

"लावलं."

"बर्फ झटकलास?"

"झटकला गं."

"मग बस इथे."

"बसले. तुझ्याजवळच बसलेय, आई."

ती बराच वेळ हाका मारत राहिली. मग साकियासीचा आवाज आला.

"ताई, गेली गं. माझा हात घट्ट धरला होता तिनं, तुझा समजून."