पाचवा कॅमेरा

डिंगोऱ्यात बिबट्या उसातून बाहेर आला की कॅमेरा त्याला ओळखतो आणि भोंगा वाजतो. ग्रामपंचायतीतलं हे काम ऋतिका सांभाळते. जुना कॉम्प्युटर चार कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये चार डोकी. एकेका डोक्याने एकेक कॅमेरा बघायचा. शनिवारी सकाळी गावातले बागायतदार सयाजीशेठ यांनी आठ कोअरचा नवाकोरा आणून दिला. नारळ फुटला, जुना तासाभरात भंगारात गेला, आणि एवढी डोकी आहेतच म्हणून पाचवा कॅमेरा ऋतिकाच्या वडिलांच्या, राघूआबांच्या मेंढ्यांच्या वाड्यावर लागला. हौस नुसती!

दिवस कलताना ऋतिकाने बिबट्या ओळखणारा प्रोग्राम लावला. उघडेचना. 'परवाना चार कोअरचा, मशीन आठ कोअरचं,' एवढंच पडद्यावर.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, पूर्वी एका मशीनला एक लायसन्स असायचं. आता एकेका मशीनमध्ये कितीही कोअर येतात, म्हणून आम्ही कोअर मोजतो. वाढीव लायसन्स सोमवारी मिळेल. तोवर चार कोअर बंद करा, प्रोग्राम चालेल."

"आन् पाचवा कॅमेरा?"

"चारच चालतील."

एसटी थांबा, दवाखान्याची वाट आणि ओढ्याकाठची वस्ती, इथं रात्रीही माणसांची ये-जा; यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. उरले दोन. सयाजीशेठची आई साळुबाई मळ्यात एकटी राहायची, संडासला अंगण ओलांडून जायची. आणि इकडे वाड्यावर रात्रभर राखणीला आबा. कंपनीला शिव्या घालतच तिने चार कोअर बंद केले आणि आबांचा कॅमेरा काढला.

आबांचा फोन लागेना. तिने स्कूटी दामटली.

आबा गोधडी अंथरून निवांत बसले होते. कुत्रं त्यांनी घरी धाडलं होतं. भोंगा असताना त्याला कशाला जागवायचं?

"आबा, भोंगा न्हाई वाजायचा. सोमवारपर्यंत."

"बिघडला व्हय?"

"न्हाई. चारच कॅमेरे चालत्यात. तुमचा मीच काढला." तिला रडू आवरेना.

आबांनी विचारलं, "कुणाचा ठेवलास?"

"साळुबाईच्या दारचा."

"बरं केलंस. म्हातारी एकटी आसती." त्यांनी गोधडी गुंडाळली, काठी घेतली आणि बॅटरी तिच्या हातात दिली. "तू त्या अंगाला बघ, मी ह्या."

दोघं पाठीला पाठ लावून बसली. अंधारून आलं. उसात काहीतरी सळसळलं, मेंढ्या एकदम उभ्या राहिल्या, आणि ऋतिकाने सवयीने भोंग्याची वाट पाहिली.